जोड : वऱ्हाडच्या आखाड्यात नवख्या मल्लाची पारख

नवख्या खेळाडूच्या पहिल्या चार-दोन सामन्यांवरून तो पुढे कुठवर जाईल याचा अंदाज बांधणे हे आजच्या व्यावसायिक क्रीडाविश्वातील एक मोठे काम होऊन बसले आहे आणि त्यासाठी आकडेवारी, चित्रफिती व शारीरिक चाचण्या यांची भक्कम यंत्रणा उभी राहिली आहे. यंत्रणा नवी असली तरी तिच्यामागचा प्रश्न जुना आहे, आणि वऱ्हाडातील, विशेषतः आज वाशीम जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखातील, कुस्तीच्या परंपरेने त्याला आपल्या परीने उत्तर दिलेले होते. त्या उत्तराच्या मुळाशी ‘जोड’ होती. अंगापिंडाने, उंचीने आणि तयारीने एकमेकांच्या तोडीचे असलेले दोन मल्ल म्हणजे जोड, आणि असे दोघे शोधून समोरासमोर उभे करणे म्हणजे जोड लावणे. नवख्या मल्लाविषयीचे कोणतेही मत त्याच्या जोडीवाचून पुरे मानायचे नाही, ही या परंपरेची शिस्त होती. तिची ताकद जितकी लक्षात घेण्याजोगी आहे तितक्याच तिच्या मर्यादाही आहेत.

मल्लांचे वय, आकारमान आणि बळ यांनुसार वर्ग पाडण्याची कल्पना दख्खनमध्ये किमान बाराव्या शतकापासून लेखी सापडते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात मल्लांचे प्रकार, त्यांचा व्यायाम आणि त्यांचा आहार यांचे वर्णन आहे. ती व्यवस्था मात्र दरबारी होती. राजाच्या पदरी असलेल्या मल्लांची ती प्रतवारी होती. वाशीमचा इतिहास त्याहून वेगळ्या वाटेने गेला. प्राचीन काळी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले हे गाव अठराव्या शतकात निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अंमलाखाली, म्हणजे दोअमलीत, होते. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. इंग्रजी अमदानीत ‘बासीम’ या नावाने स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९०५ मध्ये तो मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोला जिल्ह्यात घातले गेले. स्वतंत्र वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला तो १ जुलै १९९८ रोजी. या घडामोडींचा कुस्तीशी संबंध असा की, ज्या काळात कोल्हापुरात शाहू महाराज मल्लांना आश्रय देत होते आणि १९१२ मध्ये खासबागेचे भव्य मैदान उभे राहत होते, त्या काळात वाशीमला जवळपास कोणताही दरबार नव्हता. येथील कुस्ती गावच्या मारुतीच्या देवळाशेजारच्या आखाड्यावर, जत्रेच्या लोकवर्गणीवर आणि शेतात राबणाऱ्या मुलांवर जगली. पदरी मल्ल बाळगणाऱ्या राजाला एकाच मुलावर वर्षानुवर्षे खर्च करता येतो. वर्गणीवर चालणाऱ्या गावाला ते परवडत नाही, म्हणून त्याला अनेक मुले थोड्याथोड्या खर्चात आणि पुन्हा पुन्हा पाहावी लागतात. जोड लावण्याची रीत या गरजेतून घट्ट झाली असे म्हणण्यास जागा आहे.

वऱ्हाडात कुस्तीच्या जाहीर सामन्यांना दंगल म्हणतात, आणि कोणत्याही गावच्या मल्लाला उतरण्याची मुभा असलेल्या दंगलीला आमदंगल. नागपंचमी, पोळा आणि गावोगावच्या जत्रा हे तिचे मुख्य प्रसंग. वऱ्हाडची काळी रेगड भिजली की पायाला धरते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे आखाड्यासाठी तांबडी माती आणून तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबाचा रस असे पदार्थ कालवण्याची पद्धत आहे. दंगलीची सुरुवात सर्वांत लहान मुलांपासून होते. पंच एखाद्या मुलाचा हात धरून त्याला मैदानाच्या कडेने फिरवतात, बक्षीस उंच धरतात आणि याला जोड आहे का, अशी हाक देतात. गर्दीतून दुसरा मुलगा पुढे येतो, दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि पंचांची नजर उंचीवरून मानेवर, मानेवरून मनगटावर, तेथून पोटऱ्यांवर फिरते. कान पाहिल्याशिवाय ही पाहणी संपत नाही. मातीत डोके घासून आणि प्रतिस्पर्ध्याच्या पकडीत दबून मल्लाचे कान सुजतात आणि काही काळाने कायमचे मोडतात, त्यामुळे मोडलेला कान ही मेहनतीची लपवता न येणारी खूण ठरते. अंगाने सारखे दिसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाचा कान मोडलेला असेल तर दुसऱ्याचा वस्ताद, म्हणजे आखाड्यातील त्याचा गुरू, ‘जोड होत नाही’ एवढेच म्हणून आपल्या पठ्ठ्याला मागे घेतो, आणि त्यात कोणी कमीपणा मानत नाही. नवख्या मुलाला कधी उतरवायचे याइतकेच कधी उतरवायचे नाही हे ठरवणे या परंपरेत कौशल्याचे मानले गेले, ही बाब फार मोलाची आहे.

बक्षिसांची चढणही या पारखीचाच एक भाग होती. पहिल्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा खोबऱ्याच्या वाटीवर लागत, त्यानंतर नारळावर, मग रोख रुपयांवर, भांड्यांवर किंवा फेट्यावर, आणि सर्वांत शेवटी मानाची कुस्ती लागे. हरलेल्या लहान मुलाच्या हातावरही काही ठेवण्याची चाल अनेक ठिकाणी होती. यामुळे नवख्याच्या पहिल्या कामगिरीवर फारसे काही अवलंबून राहत नसे. रेवडीवरची कुस्ती हरलेला मुलगा पुढच्या जत्रेत पुन्हा रेवडीवरच्या कुस्तीला उभा राहू शके आणि जिंकलेल्याला फक्त एक पायरी वर जाता येई. एका हंगामात पाच-सहा दंगली केलेल्या मुलाविषयी गावाचे जे मत बनत असे ते पाच-सहा वेगवेगळ्या जोडींशी झालेल्या झटापटींवर आधारलेले असे, आणि तेही पुढच्या हंगामात बदलण्याची तयारी ठेवूनच.

वस्तादाची नजर निकालापेक्षा निराळ्या गोष्टींवर असे. पारंपरिक मातीवरच्या कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले म्हणजे मल्ल चितपट होतो. गुण मोजले जात नाहीत आणि वेळेचे बंधन बहुधा नसते, त्यामुळे कुस्ती निकाली होईपर्यंत किंवा पंच ती बरोबरीत सोडवीपर्यंत चालते. अशा कुस्तीत दमसास हा पहिला निकष ठरतो. नवख्या मुलाचा पहिला आवेश ओसरल्यावर, तोंड उघडे पडल्यावर आणि हात जड झाल्यावर तो पकड सोडतो की टिकवतो, यावरून त्याच्या मेहनतीचा, म्हणजे रोजच्या जोर-बैठकांचा, खरा हिशेब लागतो. दुसरी कसोटी खालच्या बाजूची. प्रतिस्पर्ध्याने पट काढला, म्हणजे पायाला हात घालून पाडले, की मल्ल पालथा पडून दोन्ही हातांवर सावरतो आणि वर बसलेला मल्ल त्याला उलटवू पाहतो; या अवस्थेत घाबरून पाठ देणारा मुलगा आणि मान आत घेऊन, कोपर अंगाशी धरून, संधी मिळताच निसटणारा मुलगा यांच्यातला फरक जाणत्याला एका नजरेत कळतो. वर असताना जे दिसते ते पुष्कळदा बळ असते, खाली असताना दिसते ते शिक्षण.

यापेक्षाही अवघड कसोटी हंगाम उलटल्यावर लागते. एखादा मुलगा पहिल्याच वर्षी सपाटून कुस्त्या मारतो, कारण त्याचा ढाक किंवा धोबीपछाड हा एखादा डाव चांगला बसलेला असतो आणि आसपासच्या गावांतील मुलांना तो ठाऊक नसतो. दुसऱ्या वर्षी त्या डावाचा तोड प्रत्येक आखाड्यात घोटून घेतलेला असतो. त्या वर्षी तो मुलगा काय करतो, नवा डाव शिकून येतो, जुन्याच डावाची दुसरी बाजू तयार करतो की त्याच डावावर अधिक जोर लावून स्वतःच चितपट होतो, यावर त्याचे भवितव्य ठरते. म्हणून पहिल्या हंगामाच्या विजयांवर वस्ताद फार बोलत नसत. दोघा मल्लांनी आधीच संगनमत करून खेळलेल्या लुटुपुटीच्या कुस्तीला नूरा कुस्ती म्हणतात. तिच्याविषयी पंचांना एवढा तिटकारा असे त्याचे एक कारण प्रेक्षकांची फसवणूक हे होते, आणि त्याहून खोल कारण असे की, नूरा कुस्तीने पारखीचा आधारच नाहीसा होतो.

या रीतीचा दोषही तिच्या गुणातच होता. जोड ही तुलना आहे, आणि तुलनेतला दुसरा मल्ल दहा गावांपुरता असेल तर निष्कर्षही दहा गावांपुरताच राहतो. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव किंवा मानोऱ्याच्या परिसरात तोड नसलेला मुलगा अकोला, अमरावती किंवा हिंगोलीकडच्या दंगलीत गेल्यावर मगच त्याची खरी किंमत कळे, आणि तिकडे जाण्याइतका खर्च, वेळ व ओळख सर्वांपाशी नव्हती. शिवाय जोड लावताना पाहिले जाई ते मुख्यतः शरीर. लहान चणीच्या मुलाला त्याच्याच चणीची जोड मिळे हे खरे, पण दंगलीतला मान चढत जाई तो शरीराबरोबर. मानाची शेवटची कुस्ती भारी मल्लांची असे आणि हलक्या मल्लाची पारख रेवडी-नारळाच्या पलीकडे फारशी पोहोचत नसे.

या दोषाचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण खाशाबा जाधव यांचे आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर येथे १९२६ मध्ये जन्मलेल्या खाशाबांना कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांची लहान चण पाहून क्रीडाशिक्षकांनी वार्षिक स्पर्धेत घेण्यास नकार दिला आणि प्राचार्यांकडे दाद मागितल्यावर त्यांना उतरता आले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, मातीवर वाढलेल्या या मल्लाने गादीवरच्या, गुणांवर चालणाऱ्या कुस्तीत सर्वांत हलक्या गटात सहावा क्रमांक मिळवला. त्या कामगिरीकडे दोन प्रकारे पाहता येत होते. सहावा म्हणजे पदकाविना परतलेला, हा एक हिशेब. ज्या पृष्ठभागावर आणि ज्या नियमांनी खेळण्याची सवय नाही त्यावर जगात सहावा, हा दुसरा. आणि आखाड्यातील जाणत्याने हाच धरला असता, कारण तो नवख्याला त्याच्या तयारीच्या प्रमाणात मोजतो. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले, जे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. वजनगटांची आधुनिक व्यवस्था नसती तर हलक्या शरीराच्या या मल्लाची गुणवत्ता जगापुढे आलीच नसती, हे जोडीच्या परंपरेविषयी आस्था बाळगणाऱ्यांनीही मान्य करायला हवे.

वऱ्हाडात आखाड्याकडून शाळेच्या मैदानाकडे जाणारा रस्ता अमरावतीवरून गेला. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये तेथे स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कुस्ती, मल्लखांब, लेझीम आणि देशी मैदानी खेळ यांना शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप दिले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. अशा संस्थांतून शिकलेले शिक्षक शाळांत रुजू झाल्यावर नवख्या खेळाडूची पारख वस्तादाकडून क्रीडाशिक्षकाकडे आली आणि तिची चौकटच बदलली. आता मुलगा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी वर जाऊ लागला, कुस्तीत वजनाच्या काट्याबरोबर वयोगटही आले, आणि इतर बहुतेक खेळांत फक्त वयोगट.

वयोगटांनी एक अडचण निर्माण केली, जी जोडीच्या रीतीत नव्हती. ठरावीक तारखेला वय मोजले की त्या तारखेनंतर लगेच जन्मलेला मुलगा आपल्याच गटातील शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा भरतो, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे शरीरात मोठे अंतर. १९८० च्या दशकात कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखांचा अभ्यास झाला तेव्हा निवडलेल्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त असल्याचे दिसून आले. ज्याला गुणवत्ता समजले गेले त्यात काही भाग निव्वळ लवकर जन्मल्याचा होता. वऱ्हाडच्या खेड्यांत तर जुन्या पिढीतील कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून किंवा १ जुलै अशीच आढळते, कारण मूल शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने ती लिहिलेली असे. दंगलीतील पंच दाखला पाहत नसत, समोरचा देह पाहत असत, आणि निदान या एका बाबतीत त्यांची पद्धत अधिक न्याय्य होती.

शालेय स्पर्धांबरोबर बास्केटबॉलसारखे सांघिक खेळ आले आणि पारखीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला. १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी शोधून काढलेला हा खेळ वायएमसीए या संस्थेच्या द्वारे जगभर आणि भारतातही पसरला. त्यात ‘पॉइंट गार्ड’ म्हणून ओळखला जाणारा खेळाडू चेंडू पुढे आणतो, कोणाला कधी द्यायचा हे ठरवतो आणि संघाचा डाव मांडतो. बहुधा तो संघातील सर्वांत बुटक्यांपैकी असतो आणि त्याचे निम्मे काम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होणाऱ्या गुणांत दडलेले असते. उंचीवरून निवड करणाऱ्या नजरेला तो दिसत नाही, आणि आकड्यांवरून निवड करणाऱ्या नजरेला तो चुकीचा दिसू शकतो. अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेतील दोन उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. स्टीव्ह नॅश हा पॉइंट गार्ड १९९६-९७ च्या पहिल्या हंगामात सामन्यामागे सरासरी ३.३ गुण आणि २.१ गुणसाहाय्ये, म्हणजे सहकाऱ्याच्या गुणाला कारण ठरलेले पास, एवढीच नोंद करू शकला, कारण अनुभवी खेळाडूंच्या मागे त्याला मैदानावर वेळच थोडा मिळत होता. तोच पुढे २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षे स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. उलट मायकल कार्टर-विल्यम्स याने २०१३ मध्ये पहिल्याच सामन्यात गतविजेत्या मायामीविरुद्ध २२ गुण, १२ गुणसाहाय्ये आणि ९ वेळा चेंडू हिसकावणे अशी विलक्षण कामगिरी केली, त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, पण दुसऱ्या हंगामाच्या मध्यातच त्याच्या संघाने त्याला दुसरीकडे पाठवले आणि पहिल्या वर्षाची उंची त्याला पुन्हा गाठता आली नाही. त्याचा संघ त्या पहिल्या हंगामात ८२ पैकी केवळ १९ सामने जिंकला होता, आणि अशा दुबळ्या संघात चेंडू सतत हाती राहिल्याने आकडे फुगतात. आखाड्याच्या भाषेत सांगायचे तर एकाला पहिल्या वर्षी जोडच मिळाली नव्हती आणि दुसऱ्याचा डाव अजून कळला नव्हता.

आज या पारखीत आलेला एक बदल शारीरिक चाचण्यांचा आहे. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींत, म्हणजे खेळाडू घडवणाऱ्या निवासी केंद्रांत, ८ ते १४ वर्षांच्या मुलांची निवड करताना उंची व वजनाबरोबर ३० मीटर धाव, शटल रन, उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर धाव, पुढे वाकण्याची लवचीकता अशा चाचण्या घेतल्या जातात. वाशीमसारख्या जिल्ह्यात, ज्याचा २०१८ मध्ये केंद्राच्या ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांत समावेश झाला, या चाचण्यांचे मोल कमी लेखता येणार नाही. ज्या मुलाला वस्ताद नाही, गावात आखाडा उरलेला नाही, त्यालाही त्या एक दार उघडून देतात. तरीही खेळ सुरू होण्यापूर्वीचे शरीर हे त्यांचे मोजमाप आहे. पडल्यानंतर मूल काय करते, हरवणाऱ्याकडून काय शिकून येते, हे त्यांच्या कक्षेत येत नाही आणि येऊही शकत नाही. ते दोन हंगाम शांतपणे पाहणाऱ्या माणसाचे काम आहे, आणि अशा माणसाला वेळ व पगार देण्याची व्यवस्था जिल्ह्याच्या पातळीवर फार तोकडी आहे.

दुसरा बदल अधिक चिंतेचा आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत त्यांच्यासाठी ५ टक्के आरक्षण आहे. या सवलती योग्यच आहेत, कारण खेडोपाडीच्या मुलांनी खेळावर घातलेल्या वर्षांची तेवढी तरी भरपाई व्हायला हवी. पण त्यांमुळे चौदाव्या किंवा सतराव्या वर्षीच्या एका स्पर्धेच्या निकालाला प्रमाणपत्राचे रूप आले आणि रेवडीच्या पायरीवरची कुस्ती आयुष्याच्या मानाच्या कुस्तीइतकी जड झाली. ज्या पालकांचे घर कोरडवाहू सोयाबीन-कापसावर चालते त्यांनी त्या निकालाकडे खेळाचा अंदाज म्हणून पाहावे अशी अपेक्षा करणे कठीण आहे, आणि मुलाला अजून उतरवायचे नाही असे म्हणणाऱ्या शिक्षकाचा शब्द तेथे क्वचितच टिकतो.

मुलींच्या बाबतीत जुनी रीत बहुतांशी मुकी होती, कारण आखाडा त्यांच्यासाठी नव्हताच. महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ मध्ये सुरू झाली, परंतु पहिली महिला महाराष्ट्र केसरी होण्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सांगलीत झालेल्या स्पर्धेत प्रतीक्षा बागडी हिने हा मान मिळवला. आज ग्रामीण दंगलींत उतरणाऱ्या मुलींपुढची पहिली अडचण जोडीचीच असते: पंच हाक देतात आणि त्याच वजनाची, त्याच तयारीची दुसरी मुलगी दहा गावांत मिळत नाही, म्हणून कुस्ती मुलाबरोबर लागते किंवा लागतच नाही. मोठ्या कुस्त्या आता आधी ठरवून जाहिरातीच्या पत्रकात छापल्या जातात. मुलींच्या जोडीही तशाच, तीन-चार तालुक्यांतून नावे मागवून आधी लावता येतील, आणि शाळा, तालमी व दंगल भरवणाऱ्या गावकमिट्यांनी मनावर घेतले तर त्यासाठी कोणत्याही नव्या यंत्रणेची वाट पाहावी लागणार नाही.